फ्रूट टार्टचं बूड ओलंच राहतंय? आधी एक कोरा चौकोन भाजून बघा

टार्ट ओव्हनमधून बाहेर येतो तेव्हा सगळं दृष्ट लागण्यासारखं असतं. कडा फुगलेल्या, सोनेरी. मध्ये पीचच्या फोडी चकाकतायत. घरभर बटरचा वास. मग सुरी घालायची. वरची फळं सरळ कापली जातात आणि खाली सुरी गिच्च पिठात रुतते. तुकडा उचलावा तर तो मध्येच मान टाकतो. कुरकुरीत कडा खाऊन मधला भाग बशीत गुपचूप ठेवून देणारी माणसं मी माझ्याच टेबलावर पाहिली आहेत. ती काही बोलत नाहीत, म्हणून जास्तच लागतं.

हा त्रास एकदा गेला असं वाटतं आणि पुढच्या खेपेला परत येतो. कारण आपण दर वेळी एकालाच पकडतो: फळाच्या रसाला. मीही तेच केलं. फळं कमी केली, कॉर्नफ्लोअर वाढवलं, फोडी कागदावर निथळत ठेवल्या, एकदा तर पेस्ट्रीवर बिस्किटांचा इतका चुरा पसरला की टार्ट वाळू खाल्ल्यासारखा लागला. बूड ओलं ते ओलंच. मग एके दिवशी पफ पेस्ट्रीच्या (पापुद्रे सुटणाऱ्या, लाटलेल्या पिठाच्या) शीटची उरलेली पट्टी फेकवेना म्हणून तशीच टार्टच्या शेजारी ट्रेवर ठेवली. वर फळ नाही, साखर नाही, काही नाही. भाजून झाल्यावर सहज उलटी केली, तर तिचंही बूड पांढरं, ओलसर, बोटाला चिकटणारं. रसाचा थेंबही नसताना! फळांची मी उगाच बदनामी करत होते.

तेव्हापासून कुणी ‘माझा टार्ट खालून कच्चा राहतो’ म्हटलं की मी फळ कुठलं ते विचारतच नाही. आधी कोरा चौकोन भाजायला सांगते.

कोऱ्या चौकोनाची परीक्षा

टार्टसाठी शीट कापताना ८ सेंटिमीटरचा एक जादा चौकोन कापा. टार्टच्या मधल्या भागाला काट्याने टोचे मारता तसेच यालाही मारा. त्याच ट्रेवर, टार्टच्या शेजारी, शक्यतो ट्रेच्या मध्याजवळ ठेवा. कोपऱ्यात ठेवलात तर परीक्षा फक्त कोपऱ्याची होईल. टार्ट काढाल तेव्हाच तोही काढा. पाच मिनिटांनी उलटा करून तळाचा रंग बघा, मग मधोमध मोडा.

चौकोनाचा तळ फिका आणि आत पीठ ओलं असेल, तर दोष आचेचा आहे. फळाला हात लावायचंच काम नाही. चौकोन खालून बदामी, मोडताना कुरकुर वाजणारा आणि टार्ट मात्र गिच्च, तर मग फळाकडे वळा. आणि दोघंही ओव्हनमधून कुरकुरीत निघाले, पण तासा-दोन तासांनी टार्ट मऊ पडला, तर गडबड भाजल्यानंतरची आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा: चौकोनावर ओझं नसतं, त्यामुळे तो टार्टपेक्षा लवकर भाजला जातो. म्हणजे तोच कच्चा राहिला असेल, तर टार्टला काही आशा नव्हतीच.

चौकोन भाजायचा राहिला आणि हातात फक्त बिघडलेला टार्ट असेल, तरी कापलेली बाजू पुष्कळ सांगते. कधी भाजलंच न गेलेल्या पेस्ट्रीत पापुद्रे सुटलेले नसतात. तळाशी एकसंध, करडट, अर्धपारदर्शक पट्टा दिसतो आणि कच्च्या पिठाचा वास येतो. भाजून नंतर भिजलेल्या पेस्ट्रीत पापुद्रे दिसतात, पण दबलेले, लोळागोळा झालेले, फळाच्या रंगाने माखलेले. चवीला ती भाजलेली असते, फक्त ओली. पहिला आजार ओव्हनचा, दुसरा रसाचा किंवा वेळेचा. दोघांना एकच औषध देत बसल्यामुळेच वर्षानुवर्षं हा प्रश्न सुटत नाही.

आच: बहुतेकांचा खरा घोळ इथे असतो

पफ पेस्ट्रीत यीस्ट नसतं, बेकिंग पावडर नसते. फुगवते ती वाफ. मैद्याच्या थरांमध्ये बटरचे थर असतात. तीन पदरी घडी सहा वेळा घातली की बटरचे ७२९ थर होतात. ओव्हनमध्ये पिठातलं आणि बटरमधलं पाणी उकळतं, त्याची वाफ पाण्याच्या १,६०० पटींहून जास्त जागा मागते आणि वरचा थर खालच्यापासून उचलते. बटर मधे असल्यामुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत. वाफ निघून जाईपर्यंत पीठ शिजून ताठ झालं, तर पापुद्रे तसेच उभे राहतात. आच कमी पडली, तर बटर वितळून पिठात मुरतं, वाफेला जोर येत नाही, आणि राहतो तो तेलकट, चिवट पाट.

आता यात तळाची गोष्ट अशी, की जिथे पाणी आहे तिथलं तापमान १०० अंशांच्या आसपास अडून बसतं. पाणी उडाल्याशिवाय ते वर जात नाही आणि पिठाला बदामी रंग यायला १०० पेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. म्हणजे तळाला रंग आला, याचाच अर्थ तिथलं पाणी गेलं. घड्याळ काही म्हणो, पाककृतीत काहीही लिहिलेलं असो, बुडाचा रंग खोटं बोलत नाही. पातळ उलथनं घालून टार्टची एक कड उचलून बघायची लाज बाळगू नका. मी प्रत्येक टार्टच्या वेळी बघते.

रंग येत नसेल तर पहिला संशय तापमानावर. बऱ्याच जणांचा हात सवयीने १८० वर जातो. ते केकचं तापमान आहे. पफ पेस्ट्रीला २०० ते २२० अंश सेल्सिअस लागतात. पंखा चालू असेल तर साधारण २० अंश कमी. आणि बटणावर २०० लिहिलं म्हणून आत २०० असतातच असं नाही. ओव्हनमध्ये टांगायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो एकदा आणून ठेवा. माझ्या ओव्हनचा ‘तापला’ असं सांगणारा दिवा विझायचा तेव्हा थर्मामीटर १७० दाखवत होता. दिवा विझल्यावर आणखी १५ मिनिटं थांबायला लागले आणि अर्धं दुखणं तिथेच संपलं.

दुसरा संशय ट्रेवर. थंडगार ट्रेवर पेस्ट्री ठेवून ओव्हनमध्ये ढकलली, की पहिली काही मिनिटं ट्रे गरम होण्यातच जातात. वरून कडा फुगायला लागतात, खाली बटर नुसतं वितळत असतं. म्हणून जाड धातूचा ट्रे ओव्हन तापत असतानाच आत ठेवा. टार्ट बेकिंग पेपरवर तयार करा, आणि कागदासकट त्या तापलेल्या ट्रेवर सरकवा. ट्रे उलटा ठेवला तर काठ आड येत नाही, सरकवणं सोपं जातं. (हातमोजे घाला. हे लिहिण्याचं कारण माझ्या उजव्या अंगठ्यावर आहे.) गडद रंगाचा धातू उष्णता चांगली शोषतो, चकचकीत पातळ ट्रे ती परतवतो. काचेची बेकिंग डिश दिसायला छान, पण तापायला फार वेळ घेते. पफ पेस्ट्रीच्या टार्टसाठी तिचा नाद सोडा. सिलिकॉनची चटईही इथे नको. ती बिस्किटांचे तळ जळण्यापासून वाचवते, म्हणजेच खालची उष्णता अडवते, आणि आपल्याला तर तीच हवी आहे.

ट्रे ठेवायचा कुठे? खालच्या तिसऱ्या भागात. मधल्या खाचेत ठेवला तर छोट्या ओव्हनमध्ये वरचा रॉड फार जवळ येतो. ओटीजीतल्या (ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमधल्या) फसवणुकीचं मूळ इथेच आहे: वरचा रॉड कडा पंधरा मिनिटांत सोनेरी करतो, आपण ‘झालं’ म्हणून बाहेर काढतो, आणि तळ अजून अर्ध्या वाटेवर असतो. दोन्ही रॉड चालू ठेवा, ट्रे खाली ठेवा. वरून लवकर रंग यायला लागला तर फॉइलचा तुकडा हलकेच वर टाका, घट्ट लपेटू नका. वाफ कोंडली की पुन्हा तेच रामायण. तापमान कमी करून वेळ वाढवणं हा उपाय वाटतो, पण पहिल्या १२-१५ मिनिटांत तरी तो करू नका. पेस्ट्री पुरती फुगून ताठ झाली, की मग १८० वर आणून आतला ओलावा सावकाश काढता येतो.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह वापरणाऱ्यांची तक्रार सगळ्यात खरी असते आणि त्यांना सगळ्यात कमी उत्तरं मिळतात. अशा बऱ्याच यंत्रांत खाली रॉडच नसतो. गरम हवा मागून किंवा बाजूने पंख्याने येते आणि टार्ट काचेच्या फिरत्या थाळीवर ठेवला असेल, तर त्याच्या बुडाला ती हवा शिवतही नाही. अशा वेळी बुटकी जाळी लावा, तिच्यावर धातूचा पातळ ट्रे ठेवून यंत्र आधी जितकं तापवता येईल तितकं तापवा आणि त्या गरम ट्रेवर टार्ट सरकवा. जाळी आणि धातूचा ट्रे फक्त कन्व्हेक्शन मोडमध्ये, तेही यंत्राच्या माहितीपुस्तकात परवानगी असेल तरच. मायक्रो किंवा मिश्र मोडमध्ये धातूवरून ठिणग्या उडू शकतात. टार्ट छोटे करा, हाताच्या तळव्याएवढे. मोठ्या टार्टचा मधला भाग या यंत्रांत नीट भाजणं जिकिरीचं आहे, हे मी बऱ्याच प्रयत्नांती मान्य केलं.

एवढं करूनही तळ थोडा मऊ निघाला, तर शेवटचा डाव: टार्ट कागदावरून थेट जाळीवर सरकवा, फक्त खालचा रॉड चालू ठेवा आणि १९० अंशांवर ५ मिनिटं द्या. वाफेला खालून वाट मिळते. पेस्ट्री ताठ झालेली असेल तरच हे जमतं, नाहीतर जाळीतून ती लोंबेल. खाली एक ट्रे ठेवा, रस गळाला तर ओव्हन घासायला लागू नये.

आता फळ

चौकोन कुरकुरीत आणि टार्ट ओला, हे नक्की झालं असेल तरच इथून पुढे वाचा.

सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं, पीचमध्ये ८९, स्ट्रॉबेरीत ९१. आकडे फार लांब वाटत नाहीत, पण टार्टवर ही फळं अगदी वेगळी वागतात. सफरचंद आणि पेअर आपलं पाणी बरंचसं धरून ठेवतात. २-३ मिलिमीटरच्या चकत्या एकावर एक किंचित चढवून लावल्या तर कसलंही संरक्षण न देता छान भाजल्या जातात. पहिला टार्ट करणाऱ्याने सफरचंदाचाच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पीच, आलुबुखार आणि जर्दाळू पिकलेले पण घट्ट हवेत. बोटाने दाबल्यावर खड्डा राहत असेल तर ते फळ तसंच खा, टार्टवर चढवू नका. ब्लूबेरीची साल फुटेपर्यंत ती गुणी असते, फुटली की सगळं जांभळं. आणि स्ट्रॉबेरी? स्ट्रॉबेरी भाजायचीच नाही. ती भाजली की रंग उडतो, आकार जातो, आणि ती स्वतःच्याच रसात पोहते. तिच्यासाठी पेस्ट्री रिकामी भाजावी आणि फळ नंतर कच्चंच लावावं.

रसाळ फळ भाजायचंच असेल तर त्याचा रस ओव्हनच्या आधी काढून घ्या. १०० ग्रॅम फोडींना १० ग्रॅम साखर चोळून अर्धा तास चाळणीत ठेवा. साखर पेशींमधलं पाणी बाहेर ओढते आणि खालच्या वाटीत रस जमतो. तो टाकून देऊ नका. छोट्या भांड्यात आटवून मधाएवढा दाट करा आणि टार्ट भाजून झाल्यावर ब्रशने फळांवर लावा. जे पाणी बुडाला जाऊन घात करणार होतं, तेच वरून चकाकी देतं. मला तर ही युक्ती विकतच्या जॅमच्या चकाकीपेक्षा आवडते.

उलट, साखर आधी भुरभुरून टार्ट फ्रिजमध्ये तासभर ठेवून देणं ही हमखास चूक आहे. तीच ओढाओढ तिथे चालू असते, फक्त रस चाळणीतून वाटीत न जाता पेस्ट्रीत जातो. साखर घालायची ती टार्ट ओव्हनमध्ये जायच्या क्षणी.

कॉर्नफ्लोअरबद्दल थोडं. ते रस शोषत नाही, घट्ट करतं, आणि त्यासाठी रस जवळजवळ उकळायला हवा. टार्टच्या मधोमध रसाचे बुडबुडे दिसले नसतील, तर आत घातलेलं कॉर्नफ्लोअर कच्चंच राहिलंय: रस पातळ, वर पिठूळ चव. १०० ग्रॅम रसाळ फळाला एक सपाट चमचा पुरतं. जास्त घातलं तर फळांना खळ लावल्यासारखी दिसतात. गोठवलेल्या बेरी वापरत असाल तर त्या अर्धवट वितळवून घालू नका. बर्फाच्या कणांनी त्यांच्या पेशी आधीच फोडलेल्या असतात, त्यामुळे वितळताना रसाचा पूर येतो. एकतर फ्रीझरमधून काढल्याबरोबर कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून लगेच ओव्हनमध्ये, नाहीतर आधी साखरेबरोबर शिजवून दाट गर करून, पूर्ण गार करून मग पेस्ट्रीवर.

फळ आणि पेस्ट्रीच्या मध्ये काहीतरी पसरावं, हा सल्ला सगळेच देतात, आणि तो बरोबर आहे, फक्त तो कुबडी आहे, पाय नाही. बदामाची पूड मला सगळ्यात आवडते. एका तळव्याएवढ्या टार्टला एक चहाचा चमचा. कोरडा भाजलेला बारीक रवा किंवा ब्रेडचा चुराही चालतो. थर एवढा पातळ हवा की खालची पेस्ट्री त्यातून दिसावी. तो थर कडेच्या पट्टीवर मात्र जाऊ देऊ नका.

कडेची ही पट्टीही महत्त्वाची. काठापासून १ ते दीड सेंटिमीटर आत सुरीने रेघ मारायची, अर्ध्या जाडीपर्यंतच. आरपार गेली तर चौकट वेगळी होऊन सुटते. रेघेच्या आत टोचे, बाहेर नाही. मग कडा उंच फुगतात, मध्य दबून राहतो आणि रसाला बांध मिळतो. फळ त्या बांधाच्या आत, एकाच थरात. डोंगर रचला तर मधलं फळ वाफवलं जातं, भाजलं जात नाही.

आणि फार रसाळ फळ असेल तर सरळ पेस्ट्री दोनदा भाजा. रेघ मारून, टोचे मारून, कोरीच १०-१२ मिनिटं भाजायची. मध्य फुगला असेल तर चमच्याच्या पाठीने दाबून बसवायचा. मग फळ लावून पुन्हा १५ मिनिटं. कडा जास्त लाल होतायत असं वाटलं तर फॉइलच्या पट्ट्या. आलुबुखाराचा टार्ट मी आता याशिवाय करत नाही.

निघाला तेव्हा कुरकुरीत होता हो!

हा तिसरा प्रकार. टार्ट गरम ट्रेवरच निवायला ठेवला, तर त्याच्या बुडातून निघणारी वाफ ट्रेला थडकून पाणी होते आणि परत पेस्ट्रीत शिरते. दोन मिनिटांत जाळीवर काढा. गरम असताना झाकू नका, डब्यात तर मुळीच घालू नका.

कस्टर्डचे टार्ट वेगळंच प्रकरण. तिथे पेस्ट्री पूर्ण गार, कस्टर्ड पूर्ण गार, आणि दोघांची भेट खाण्याआधी दोन तासांच्या आत. आधी जमवून ठेवायचेच असतील तर वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा एक हात पेस्ट्रीच्या आतून ब्रशने फिरवा आणि घट्ट होऊ द्या. तो थर पाणी अडवतो. कस्टर्ड फ्रिजमध्ये घट्ट दिसतं आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं अशी तक्रार असेल, तर ते पुरेसं शिजलेलं नाही. अंड्याच्या बलकात स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. कस्टर्डला बुडबुडे आल्यावर ढवळत आणखी एक मिनिट शिजवलं की ते निकामी होतं. ‘घट्ट झालं, उतरवलं’ इथेच बहुतेक जण घाई करतात.

कच्ची किवी, अननस किंवा पपई कस्टर्डवर लावणार असाल तर ऐन वेळी लावा. या फळांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात; दुधाच्या कस्टर्डला त्यामुळे काही वेळात कडवट चव येते आणि जिलेटिन घातलेली चकाकी तर जमतच नाही. जिलेटिनऐवजी आगर चालतं, कारण ते प्रथिन नाही. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, त्याला ही खोड नसते.

बाकीच्या तक्रारी, भरभर

पेस्ट्री फुगतच नाही: ती बहुधा हाताळताना गरम झाली. बटर ३२-३५ अंशांना वितळतं, पण त्याच्या खूप आधी मऊ होऊन पिठात मिसळायला लागतं. गोठलेली शीट रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सुटू द्या, बाहेर ठेवून नको. कापून, रेघा मारून झाल्यावर फळ लावण्याआधी २० मिनिटं पुन्हा फ्रिजमध्ये. शीट उलगडताना भेगा पडल्या तर ती जास्त थंड आहे, बोटाला चिकटली तर जास्त गरम. वाकेल पण मऊ पडणार नाही अशी हवी.

एकच बाजू फुगते, दुसरी बसलेली: कापलेली कड नीट बघा. बोथट सुरी ओढत नेली की पापुद्रे एकमेकांना चिकटतात. धारदार सुरी वरून खाली दाबा. गोल साचा असेल तर सरळ दाबा, पिळू नका. रंग येण्यासाठी लावलेला अंड्याचा हात कडेवरून ओघळला तरी तेच होतं. अंडं शिजतं आणि थर शिवून टाकतं. अंडं नको असेल तर दूध किंवा क्रीम लावा, रंग थोडा फिका येतो, बिघडत काही नाही. दर वेळी ट्रेची तीच बाजू बसत असेल तर ओव्हनच एका अंगाला गरम आहे, १५ मिनिटांनंतर ट्रे फिरवा. त्याआधी दार उघडू नका.

ट्रेवर बटरचं तळं: ओव्हन पुरता तापला नव्हता किंवा पेस्ट्री गार नव्हती. दोन्हीही असू शकतं.

टार्ट आक्रसून वेडावाकडा झाला: लाटल्यावर ग्लूटेनला, म्हणजे मैद्यातल्या ताणल्या जाणाऱ्या प्रथिनाला, आराम मिळाला नाही. तेच फ्रिजचं उत्तर. उरलेल्या तुकड्यांचा गोळा करून लाटलात तर पापुद्रे गेलेच म्हणून समजा. तुकडे एकावर एक रचून, दाबून लाटा. फुगतील थोडे कमी, पण फुगतील.

मी आता असं करते

साधारण २५० ग्रॅमची, ३ मिलिमीटर जाडीची शीट. चार टार्ट आणि तो एक कोरा चौकोन, होय, अजूनही, ओव्हन बदलला किंवा ट्रे नवा असला की हमखास. ओव्हन २१० वर, जाड ट्रे आत उलटा, खालच्या भागात. दिवा विझल्यावर वर १५ मिनिटं. तोवर पेस्ट्री कापून, रेघ आणि टोचे मारून कागदावर, कागद ताटलीवर, ताटली फ्रिजमध्ये. दोन मध्यम सफरचंदांच्या चकत्या, लिंबाचे चार थेंब लावून, म्हणजे काळ्या पडत नाहीत. शेवटी बदामाची पूड, चकत्या, वर टार्टमागे एक चमचा साखर, कडांना दुधाचा हात, आणि लगेच आत. २२ ते २५ मिनिटं. विसाव्या मिनिटाला उलथन्याने कड उचलून बघते. तळ अक्रोडाच्या सालीच्या रंगाचा दिसला तर काढते, पिवळा दिसला तर दार लावते आणि गप्प बसते. वरून टार्ट झाला असं वाटल्यानंतरची ही तीन-चार मिनिटं सगळ्यात अवघड असतात. काढायचा मोह होतो, जळेल अशी भीती वाटते. जळत नाही.

उरलेला फळांचा टार्ट दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, पेस्ट्री लगेच चामडं होते. ओव्हनमध्ये १८० अंशांवर ८ मिनिटं, थेट जाळीवर, आणि खाण्याआधी पाच मिनिटं निवू द्या. गरम असताना तो मऊच लागतो आणि आपल्याला वाटतं जमलं नाही. कस्टर्डचा मात्र परत भाजता येत नाही. तो त्याच दिवशी संपवायचा.